एका गावाचे दोन दरबार आणि वाट चुकलेला हुकूम

१८८८ साली देवाससाठी तांब्याची नाणी पाडली गेली. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘देवास स्टेट’ आणि सोबत दोन आद्याक्षरे. काही नाण्यांवर ‘एस. बी.’, काहींवर ‘जे. बी.’. पहिले सीनियर ब्रँचचे, म्हणजे थोरल्या पातीचे. दुसरे जूनियर ब्रँचचे, म्हणजे धाकट्या पातीचे. गाव एक, संस्थानाचे नाव एक, राजांचे आडनाव एक, फरक काय तो एका अक्षराचा. धारचे १८८७ चे नाणे जवळ ठेवून पाहिले तर त्यावर असला काही खुलासा नाही. धारला पवारांची गादी एकच होती. खुलासा करायचा तरी कोणासाठी?

देवासची गंमत १७२८ पासूनची. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी मुलूख वाटून घेतला आणि दोघांच्या वंशजांनी एकाच गावातून राज्य केले. १८४१ नंतर दोन्ही पाती स्वतंत्र संस्थाने म्हणून कारभार पाहू लागल्या, पण जमिनी एकमेकींत अशा गुंतलेल्या की सरहद्द शेताच्या बांधावरून जायची. गावातल्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची दुसऱ्या पातीची; पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्हीकडे निराळी. थोरलीचे क्षेत्र ४४६ चौरस मैल, धाकटीचे ४४०. तोफांची सलामी दोघींना पंधरा-पंधराच. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस होता. तिथून लिहिलेल्या पत्रांचे त्याचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. या जुळ्या दरबारांची ओळख जगाला झाली ती मुख्यतः त्या पुस्तकामुळे.

असल्या गावात ‘महाराज, देवास’ एवढेच लिहिलेल्या लिफाफ्याला पत्ता तरी कसे म्हणायचे? मजकूर कितीही स्पष्ट असो, तो कोणत्या दारात न्यायचा हे बाहेरून कळत नाही आणि आत वाचायला घ्यावा तर तो वाचायचा अधिकार कोणाचा, हाच प्रश्न. इथे ज्या विषयाची ओळख करून द्यायची आहे तो ई-मेलच्या जगातला आहे, पण त्याचे दुखणे नेमके हेच: दोन दारे शेजारी-शेजारी, नावे जवळजवळ सारखी, एका दारात बोलायचे आणि दुसऱ्या दारात सांगायचे काम. माणसे दार चुकतात. चुकून आलेला हुकूम गप्पांच्या ढिगातून ओळखायचा कसा?

मेलिंग लिस्टची रचना सोपी आहे. एका पत्त्यावर पत्र टाकले की ते यादीतल्या सगळ्यांना जाते. मग यादीत नाव घालायचे किंवा काढायचे तर ते कोणाला सांगायचे? त्यासाठी दुसरा पत्ता: मूळ नावापुढे ‘रिक्वेस्ट’ हे शेपूट जोडलेला. ही पद्धत बरीच जुनी आणि १९९७ च्या आरएफसी २१४२ या मानकाने तर असा पत्ता असलाच पाहिजे असे बजावले. पहिल्या दारात माणसे एकमेकांशी बोलतात, दुसऱ्या दारात माणूस यंत्राशी बोलतो. नियम एवढाच, आणि तो पाळला जात नाही.

हे यंत्र आले कुठून तेही थोडक्यात पाहू. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने बिटनेट या विद्यापीठीय जाळ्यासाठी नव्या धर्तीचा ‘लिस्टसर्व्ह’ लिहिला. त्याआधी याद्या बहुधा माणूसच सांभाळत असे. कोणीतरी ‘माझे नाव घाला’ म्हणायचे आणि दुसरे कोणीतरी सवडीने घालायचे. थॉमसच्या प्रोग्रॅमने हे काम माणसाच्या हातून काढून घेतले. १९९२ मध्ये ब्रेंट चॅपमनचा ‘मेजरडोमो’ आला. युरोपातल्या वाड्यांच्या कारभाऱ्याला म्हणतात तेच हे नाव. देवासकरांना लगेच उमगले असते. नव्वदच्या दशकातच जॉन व्हिएगाने ‘मेलमन’ सुरू केला, तोही एका संगीतचमूच्या चाहत्यांची यादी सांभाळण्यासाठी. डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांसाठी लिहिलेले हे सॉफ्टवेअर पुढे जगभरची विद्यापीठे आणि संस्था वापरू लागल्या.

माणूस गेला आणि यंत्र आले, तेव्हा एक गोष्ट हरवली. पूर्वी चुकून यादीवर ‘माझे नाव काढा’ असे पत्र आले तरी यादी सांभाळणारा ते वाचून गुपचूप नाव काढत असे. यंत्राला मात्र पत्त्यापलीकडचे काही कळत नाही. यादीच्या पत्त्यावर आले ना, मग पाठवा सगळ्यांना.

सगळ्यांना म्हणजे किती? १९९७ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलम डीएल३’ नावाची एक अंतर्गत यादी कोणाच्या तरी नजरेस पडली. हजारो कर्मचारी तिच्यात होते आणि आपण तिच्यात आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. एकाने ‘मी या यादीत का आहे? मला काढा’ असे यादीलाच लिहिले. उत्तरे आली, ‘मलाही काढा’. त्या उत्तरांना आणखी उत्तरे आली. टपालाच्या ओझ्याखाली कंपनीचे सर्व्हर झोपले. पुढे ‘आम्ही बेडलम डीएल३ मधून वाचलो’ असे छापलेले टी-शर्ट निघाले, म्हणजे निदान विनोदबुद्धी शाबूत राहिली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत १४ नोव्हेंबर २०१६ रोजी तोच प्रकार मोठ्या आकारात घडला. चाचणीसाठी पाठवलेले एक पत्र आठ लाखांहून अधिक खात्यांत गेले. ‘कृपया मला वगळा’ ही उत्तरे सगळ्यांना जाऊ लागली आणि सव्वा तासात सुमारे ५० कोटी पत्रे त्या यंत्रणेतून फिरली. त्या पत्रांतले ‘मला काढा’ हे वाक्य खरे तर एकाच कारकुनाला सांगायचे होते.

तेव्हा यंत्राला थोडे वाचायला शिकवणे भाग होते.

मेलमनने हे कसे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळी युक्ती कोडच्या पानभर ओळींत मावते. प्रोग्रॅमजवळ अकरा शब्दांची एक यादी आहे: सबस्क्राइब, अनसबस्क्राइब, हेल्प, इन्फो, कन्फर्म, रिमूव्ह, हू, सेट असे सगळे इंग्रजी शब्द. प्रत्येक शब्दापुढे दोन आकडे, त्या हुकुमामागे कमीत कमी किती शब्द येऊ शकतात आणि जास्तीत जास्त किती. ‘हेल्प’ एकटाच यायला हवा. ‘अनसबस्क्राइब’मागे एखादा शब्द चालतो. ‘कन्फर्म’मागे बरोबर एक शब्द लागतो, कारण तिथे खुणेचा आकडा येणार. पत्र यादीच्या पत्त्यावर आले की प्रोग्रॅम विषयाची ओळ आणि मजकुराच्या सुरुवातीच्या काही ओळी पाहतो. मेलमन ३ मध्ये ही मर्यादा दहा ओळींची आहे आणि रिकाम्या ओळी मोजत नाहीत. एखाद्या ओळीचा पहिला शब्द त्या यादीतला निघाला आणि पुढच्या शब्दांची संख्या आकड्यांत बसली, तर हा वाट चुकलेला हुकूम असावा असे समजून पत्र अडवायचे. ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा. मेलमन २ च्या कोडात या जागी लिहिणाऱ्यांनीच नोंद करून ठेवली आहे की ही तपासणी म्हणजे चांगला अंदाज असायला हवा. खात्रीचा दावा त्यांनी केलेला नाही, आणि हा प्रामाणिकपणा मोठमोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत शोधून सापडायचा नाही.

या अंदाजाच्या फटी मोठ्या मजेदार आहेत. ‘अनसबस्क्राइब मी’ लिहिले तर पत्र अडते. सभ्य माणूस आरंभी ‘प्लीज’ घालतो, पहिला शब्द बदलतो आणि पत्र सरळ हजार लोकांकडे जाते. ‘प्लीज’ शेवटी घातला तरी तेच, कारण आता मागे दोन शब्द झाले. नुसते ‘रिमूव्ह’ अडते, ‘रिमूव्ह मी’ सुटते. कोणी दुसऱ्याच्या पत्राला उत्तर देताना विषयाच्या ओळीत तो शब्द तसाच ठेवला तर आरंभी ‘आरई’ लागते आणि त्या ओळीपुरती तपासणी फसते. थोडक्यात, उद्धट माणूस पकडला जातो आणि नम्र माणूस सगळ्यांना त्रास देऊन जातो.

उलट बाजूची चूक आपल्या लोकांना जास्त जवळची आहे. मराठी माणसे रोमन लिपीत मराठी टंकतात आणि त्यात इंग्रजी शब्द सढळ हाताने पेरतात. इंदूर-पुणे गाडीचे तिकीट पक्के झाले म्हणून एखाद्याने विषयाच्या ओळीत ‘कन्फर्म झालं’ एवढेच रोमनमध्ये लिहिले, तर प्रोग्रॅमच्या हिशेबाने तो पूर्ण हुकूम: पहिला शब्द कन्फर्म, मागे बरोबर एक शब्द. पत्र अडले. पहिल्याच ओळीत वैतागून ‘हू केअर्स’ लिहिले तरी अडले, कारण ‘हू’ हा सभासदांची यादी मागण्याचा हुकूम आहे आणि त्यामागे एक शब्द चालतो. आणि देवनागरीत ‘माझे नाव यादीतून काढा’ लिहिले, म्हणजे खरोखरच हुकूम दिला, तर प्रोग्रॅमला त्यात काहीही वावगे दिसत नाही.

इथे प्रश्न शब्दांच्या यादीत चार मराठी शब्द घालून सुटण्यासारखा नाही. इंग्रजी हुकुमाचे क्रियापद वाक्याच्या तोंडाशी असते, म्हणून पहिला शब्द पाहणे ही युक्ती तिथे चालते. मराठीत क्रियापद शेवटी. ते ओळखायचे तर शेवटचा शब्द पाहायचा आणि त्याला कोणता प्रत्यय लागला आहे तेही पाहायचे. या कामाचा एक फार जुना नमुना धारमध्येच दगडावर आहे. भोजशाळा-कमाल मौला वास्तूत परमारकालीन सर्पबंध शिलालेख आहेत. नागाच्या वेटोळ्यांत संस्कृतची वर्णमाला आणि प्रत्यय मांडले आहेत आणि क्रियापदांच्या दहा लकारांचे, म्हणजे काळ आणि अर्थांचे, प्रत्ययही कोष्टकासारखे बसवले आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या शिलालेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्या दहा लकारांत एक लोट्, म्हणजे आज्ञार्थ. वाक्य हुकमाचे आहे की हकिकतीचे हे क्रियापदाच्या शेवटावरून ठरते, हे ते कोष्टक सांगते. मेलमनच्या अकरा शब्दांपेक्षा ही समज पुष्कळ पुढची आहे.

पण मराठी त्या कोष्टकातही बसून राहत नाही. ‘काढ’, ‘काढा’ हा उघड आज्ञार्थ झाला. ‘काढावे’ हा विध्यर्थ, पण कचेरीच्या भाषेत त्याचे वजन हुकमाचेच. ‘माझे नाव वगळण्यात यावे’ यात कर्ता दडलेला. ‘काढाल का?’ हा दिसायला प्रश्न. ‘मला ही पत्रे नको आहेत’ यात तर आज्ञार्थाचा मागमूस नाही, तरी हेतू तोच. आणि नुसता ‘काढा’ शोधायला जावे तर २०२० साल आठवते. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा सुचवला तेव्हा घरोघरच्या ग्रुपांवर दुसरा विषयच नव्हता. ‘काढा’ या शब्दावर पत्र अडवणाऱ्या प्रोग्रॅमने त्या वर्षी सगळ्या आज्यांना गप्प बसवले असते.

पत्र कुठे संपते हेही यंत्राला सांगावे लागते. ई-मेलच्या तळाशी नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीची कायदेशीर सूचना असते. तिच्यात ‘अनसबस्क्राइब’ शब्द असू शकतो. म्हणून दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा अशी ओळ आली की खालचे वाचायचे नाही, असा संकेत आहे आणि मेलमन २ ही तपासणी करताना तो पाळतो. मराठी दफ्तराला ही सावधगिरी नवी नव्हती. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा असे, म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती पत्राची नव्हे. मोडी कागदांत मायन्यावरून लिहिणारा वरचा की खालचा ते कळते, ‘आज्ञा’ की ‘विनंती’ यावरून कागदाची जात कळते. म्हणजे हुकूम ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडलेले नव्हते. लिहिणाऱ्याने तो हुकमाच्या साच्यातच लिहायचा असे. ई-मेलने साचा मोडला. आजीबाईचे पत्र, व्यवस्थापकाचा आदेश आणि यंत्राला दिलेली सूचना, तिन्ही एकाच रिकाम्या चौकटीत टंकायची.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे वाचायचेच नाही. डॅनियल बर्नस्टीनच्या ‘ईझेडएमएलएम’ने प्रत्येक हुकमाला निराळा पत्ता दिला: नाव घालायचे तर एक, काढायचे तर दुसरा. मजकुरात काय लिहिले आहे ते बघायची गरजच उरली नाही. गूगल ग्रुप्समध्येही नावापुढे अधिकचे चिन्ह आणि ‘अनसबस्क्राइब’ जोडून पत्र पाठवता येते. पण दारांची संख्या वाढली म्हणून दार चुकणारे कमी होत नाहीत. उत्तर देण्याचे बटण समोर असताना पत्ता कोण टंकणार? १९९८ च्या आरएफसी २३६९ ने मग प्रत्येक पत्राच्या शीर्षभागात बाहेर पडण्याचा पत्ता यंत्राला वाचता येईल असा घालायची सोय केली. मेलच्या प्रोग्रॅमांनी तो वाचून बटण दाखवावे, अशी अपेक्षा. बटण दिसायला बरीच वर्षे गेली.

आणि बटण आले तेव्हा जुनीच चूक नव्या वेषात आली. पत्रातल्या दुव्यावर टिचकी मारली की नाव निघते, इथवर ठीक. पण स्पॅम आणि विषाणू तपासणारी सॉफ्टवेअरे पत्र माणसाच्या हाती पडण्याआधीच त्यातले सगळे दुवे उघडून पाहतात. त्यांनी दुवा उघडला आणि माणसाचे नाव त्याला न विचारता यादीतून गेले! हुकूम योग्य दारात पोचला होता. फक्त तो कोणी दिलेलाच नव्हता. जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने यावर उपाय केला. दुवा नुसता उघडणे म्हणजे हुकूम नव्हे. ठरावीक मजकूर ठरावीक रीतीने त्या दुव्यावर धाडला तरच तो हुकूम. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिरातीची पत्रे पाठवणाऱ्यांना ही सोय सक्तीची केली. म्हणजे फिरून मोर्तबाकडेच आलो: कागद कोणाच्या हाती लागला यावरून काही ठरत नाही, त्यावर शिक्का उमटला का ते बघायचे.

या सगळ्यात मेलमनच्या कर्त्यांनी घेतलेला एक निर्णय फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण तोच सर्वांत शहाणपणाचा आहे. पत्रात हुकूम आहे असे वाटले तरी प्रोग्रॅम तो बजावत नाही. नाव काढत नाही, घालतही नाही. पत्र नुसते अडवून यादीच्या व्यवस्थापकापुढे ठेवतो. हुकूम ओळखणे आणि तो पार पाडणे ही कामे वेगळी ठेवली नसती, तर ‘अनसबस्क्राइब कसे?’ असे विचारणाऱ्याचे नाव उडाले असते, थट्टेने लिहिणाऱ्याचेही, आणि कोणी खोट्या नावाने लिहिले तर तिसऱ्याच कोणाचे. चुकून अडलेल्या पत्रामुळे एका माणसाचा खोळंबा होतो. चुकून सुटलेल्या पत्रामुळे हजारोंची चिडचिड होते. आणि चुकून बजावलेल्या हुकमाने काय होते ते कोणाला कळतही नाही, कारण ज्याचे नाव गेले त्याला पत्र यायचे बंद झालेले असते. या तीन चुकांना सारख्याच तराजूत तोलणारे सॉफ्टवेअर कितीही चतुर असले तरी वापरू नये.

आता भाषा जाणणारी प्रारूपे आली आहेत. ‘वगळण्यात यावे’ आणि ‘ही पत्रे नको आहेत’ यांतला हेतू ती ओळखतील, तुळशीचा काढाही बहुधा बाजूला ठेवतील. पण ओळख पटली म्हणून त्यांनी नाव परस्पर काढावे का, हा प्रश्न अकरा शब्दांच्या यादीच्या वेळी होता तसाच राहतो. उलट अंदाज जितका चांगला, तितका तो परस्पर बजावून टाकण्याचा मोह मोठा.

तूर्त तरी बहुतेक याद्यांवर अडलेले पत्र माणसाचीच वाट पाहते. मेलमन २ मध्ये व्यवस्थापकापुढे चार पर्याय येतात: जाऊ द्यावे, परत पाठवावे, टाकून द्यावे किंवा नंतर बघावे. चौथा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि अडलेली पत्रे अमुक दिवसांनी आपोआप टाकायची असे मुद्दाम ठरवले नसेल तर ती कितीही दिवस तशीच राहतात. म्हणून प्रोग्रॅम मूळ मांडणीप्रमाणे रोज सकाळी आठ वाजता व्यवस्थापकाला एक स्मरणपत्र धाडतो: इतकी पत्रे खोळंबली आहेत, बघावीत.